मोटरसायकल साडूला मिळता कामा नये

सासऱ्यांची मोटरसायकल एकूण किती किलोमीटर चालली, हे दोघांनाच ठाऊक होतं, देवाला आणि सासऱ्यांना, आणि दोघंही त्याबद्दल मोघम बोलत. मीटरवर आकडे पाचच. ते सगळे नऊ उलटून पहिल्यांदा शून्यावर आले तेव्हा सासूबाईंनी गाडीला ओवाळलं होतं. दुसऱ्यांदा आले तेव्हा घरात लग्न होतं, माझंच, त्यामुळे गाडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या फेरीत मीटरला घेरी आली आणि तो मध्येच कुठेतरी थांबला. मीटर थांबला, गाडी थांबली नाही. माझा अंदाज असा की चंद्र गाठायला तिला थोडंच कमी पडलं असेल, आणि तेही वाटेत इंदूरजवळच्या सांवेरला चहाला थांबत थांबत.

सासरे बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर होते. सोयाबीन आणि गहू. माळव्यात असं गाव नाही जिथल्या कुत्र्यांना या मोटरसायकलचा आवाज ओळखीचा नाही. त्यांचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यामुळे घरात म्हणायची पद्धत होती की खोगीर गेलं आणि सीट आली, बैठक तीच राहिली. हे खरं होतं. सासरे गाडीवर बसले की रिटायर्ड माणसासारखे दिसत नसत, कुठल्यातरी किल्ल्याचा ताबा घ्यायला निघाल्यासारखे दिसत. जुन्या इंदुरातल्या त्यांच्या गल्लीत त्यांनी हॉर्न वाजवला तर लालबागेतली कबुतरं उडायची. मी स्वतः बघितलेली नाहीत, पण कबुतरं उडालेली असणार.

आता मुद्द्याचं. दर रविवारी सकाळी सासरे या गाडीवरून सांवेरच्या बाजूला जायचे, जुन्या शेतकऱ्यांना भेटायला. नोकरी संपून वर्षं झाली, तरी जायचे. वाटेत पोहे, पुढे कुणाच्या तरी खळ्यावर चहा, येताना पिशवीत हरभरा नाहीतर मक्याची कणसं. आणि मागच्या सीटवर, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, माझा साडू.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. टाइल्सचं दुकान, पांढरी कार, आणि पन्नाशीला टेकला तरी डोक्यावर एवढे केस की त्यातले निम्मे मला दिले असते तर दोघांचंही भागलं असतं. एका रविवारी त्याची कार गॅरेजमध्ये होती, म्हणून तो सहज सासऱ्यांच्या मागे बसून गेला. तो जो बसला तो उतरलाच नाही. मी थोरला जावई. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, माझी सही नसेल तर मुलांच्या डिग्र्या अडकतात. पण सासऱ्यांनी मला एकदाही म्हटलं नाही की चला, येता का सांवेरला.

"तुम्हाला कुणी अडवलंय का?" बायको म्हणायची. "बाबांना म्हणा, मीपण येतो."

"थोरल्या जावयानं स्वतःहून म्हणायचं?"

"मग थोरल्या जावयानं घरी बसून पंखे पुसायचे."

मी पंखे पुसायचो. रविवारी सकाळी स्टुलावर उभा राहून पंख्याचं पातं पुसताना मला स्पष्ट दिसायचं की आता ते दोघं पोह्यांच्या गाडीपाशी उभे आहेत, सासरे साडूच्या पोह्यांवर आपल्या हातानं जीरावन मसाला भुरभुरतायत आणि दोघं हसतायत. सासरे माझ्याशी बोलताना हसत नसत. माझ्याशी ते पेन्शनचे नियम बोलत. आमच्या घरातले पंखे त्या काळात इतके स्वच्छ होते की त्यांच्यात बघून दाढी करता आली असती.

मग डॉक्टर मध्ये आले. सासऱ्यांच्या कंबरेत एक दिवस अशी कळ आली की ते अर्धे वाकले ते अर्धेच राहिले. डॉक्टरांनी फोटो काढले, दिव्यासमोर धरले आणि सांगितलं, दुचाकी बंद.

सासऱ्यांनी हे आम्हाला धोंडे खाताना सांगितलं. अधिक महिना होता. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं, नमस्कार करायचा, असा आमच्यात रिवाज आहे; तीन वर्षांतून एकदा जावई चोवीस कॅरेटचा होतो. आम्ही दोघं जावई शेजारीशेजारी पाटावर बसलो होतो. मी उजवीकडे, कारण थोरला. सासूबाई वाढत होत्या. उकाड्यानं पुरणालाही घाम फुटला होता.

"दुचाकी बंद म्हणाले," सासरे म्हणाले. "तेव्हा गाडी काढायची. सांवेरचा एक दूधवाला मागे लागलाय, तो पुढच्या रविवारी येतोय बघायला. पण आधी घरात विचारलेलं बरं. तुमच्यापैकी कुणाला हवी आहे का?"

माझ्या छातीत एकदम ढोल वाजला. गाडी माझ्याकडे आली तर रविवारही माझ्याकडे येणार, हे मला पुरणाच्या वाफेत लख्ख दिसलं. साडूकडे गेली तर सगळंच गेलं. मग काय, मी उरलेल्या आयुष्यात भिंतीसुद्धा पुसणार. पण आता नीट ऐका, कारण इथे मी जी चूक केली ती फक्त आपल्यातलाच माणूस करू शकतो. मी म्हटलं, "छे छे, बाबा, मला कशाला?"

साडूही लगेच म्हणाला, "नको नको, मला तर कारच पुरे."

आता यात आमचं काय चुकलं? सासरवाडीला पहिल्या फटक्यात हो कुणी म्हणतं का? सासूबाई धोंडा घेऊन आल्या की मी ताटावर हात आडवा धरतो, नको म्हणतो. त्या म्हणतात, एक तरी. मी म्हणतो, जागा नाही. त्या म्हणतात, माझी शप्पथ. मग तो धोंडा माझ्या बोटांच्या फटीतून ताटात पडतो आणि मी तो नाइलाजानं खातो. सात खातो. जगाची सुरुवात झाली तेव्हापासून हे असंच चाललंय. आग्रहाला जागा ठेवायची म्हणून नको म्हणायचं. मी हात आडवा धरून बसलो होतो, सासऱ्यांच्या आग्रहाची वाट बघत.

सासरे म्हणाले, "बरं." आणि ताक मागितलं.

बस्स. संपला विषय. चाळीस वर्षं शेतकऱ्यांना बियाणं विकलेला माणूस. त्याच्या लेखी नको म्हणजे नको, पुढचं शेत. मी आणि साडूनं एकमेकांकडे पाहिलं. त्याचाही हात अजून ताटावर आडवाच होता.

घरी येताना मी स्कूटी एकही खड्डा न चुकवता चालवत होतो. बायको मागून म्हणाली, "आता काय झालं?"

"तो दूधवाला नेणार गाडी."

"नेऊ दे की. तुम्हीच नको म्हणालात."

"मी तोंडदेखलं म्हणालो. तुझा बाप आग्रह करायला विसरला."

"तुम्हाला खरंच हवीये ती?" ती म्हणाली. "अहो, ती गाडी माझ्यापेक्षा जुनी दिसते. गल्लीतून जाते तर मच्छर गाव सोडून जातात. सगळं इंदूर रस्ते झाडतंय, धुतंय, आणि तुम्ही त्यात धूर सोडत फिरणार?"

हे सगळं बरोबर होतं. मी हिशोबी माणूस आहे, मला ते कळत होतं. आपल्याकडे स्कूटी आहे. पार्किंगमध्ये एकच जागा. मला गियरची गाडी चालवून इतकी वर्षं झाली की शेवटची चालवली तेव्हा मलाही केस होते. पण दूधवाल्याचं मला काही नव्हतं. दूधवाल्यानं खुशाल न्यावी. मला फक्त साडूची शंका होती. तो ताटावरून हात काढताना जरा जास्तच सावकाश काढत होता.

दोन दिवसांनी ऑफिस सुटल्यावर मी जुन्या इंदुरात गेलो आणि सासऱ्यांना म्हटलं, "गाडी उभी आहे, टायर बसतील. जरा हवा भरून आणतो." किल्ली घेतली आणि गाडी ढकलत गल्लीबाहेर आणली. तिथे किक मारली. त्या किकचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की तिसऱ्या किकला तिनं मला उलटी किक मारली आणि मी शेजारच्या वॉर्डात मतदान करून परत आलो. मग ती सुरू झाली. आवाज असा खालून, जमिनीतून आल्यासारखा. मी लालबागेपर्यंत एक चक्कर मारली आणि प्रामाणिकपणे सांगतो, धूर, खडखड, सगळं होतं, पण सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या दोन कॉलेजच्या पोरांनी आपल्या नव्या गाड्यांवरून वळून पाहिलं. माझ्याकडे बघून शेवटचं कुणी वळलं होतं ते माझी पँट फाटली होती तेव्हा.

मग तिला मिस्त्रीकडे नेलं. त्यानं कान लावला, ॲक्सिलरेटर पिळला, सायलेन्सरमागे हात धरून तळव्याचा वास घेतला.

"भिया, सच बोलूँ के अच्छा बोलूँ?"

"आधी खरं."

"सच ये हे के इंजन की साँस फूल री हे. तेल पी री हे. चेन गई, क्लच प्लेट जाने को बेठी हे."

"आणि चांगलं?"

"अच्छा ये हे के फिर बी चल री हे. मीटर से नी भिया, जिद से चल री हे."

"मग घेऊ की नको?"

"अपन तो मना करेंगे. फिर आपकी मरजी." त्यानं हात पुसले. "पर एक बात बताओ, इस गाड़ी में खजाना हे क्या? कल बी एक साब लाए थे दिखाने. बोले, हवा भराने निकला हूँ."

मी अगदी शांतपणे विचारलं की कसे दिसत होते साब.

"अच्छे थे. भोत बाल थे उनके."

माझ्या कानांतून जी वाफ निघाली तिच्यावर दोन माणसांच्या इडल्या झाल्या असत्या. म्हणजे कार पुरे म्हणणारा हा माणूस माझ्याआधी एक दिवस हवा भरायला आला होता. आणि आठवून बघा, टायर खरोखरच दगडासारखे होते. गाडी परत लावली तेव्हा सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी चाकावर बोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "या आठवड्यात फार हवा गेली हिच्यात."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. बोललो असतो तर जावयाची किंमत गेली असती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पालक निवडत होती.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "तुम्हाला गाडी हवी आहे, की त्यांना मिळू नये असं हवंय?"

"हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं तुला वाटतं, इथेच तुझं चुकतं."

"मिस्त्री काय म्हणाला?"

"नको म्हणाला."

"मी काय म्हणतेय?"

"तूपण नकोच म्हणतेयस."

"मग?"

मग काय. त्या आठवड्यात मी ऑफिसात एकही काम धड केलं नाही. समोर मार्कशीटचा गठ्ठा आणि डोळ्यांसमोर साडू. तो पुढे बसलाय, हातात ते जाडजूड हँडल, केस वाऱ्यावर. खळ्याखळ्यावर लोक बाहेर येऊन म्हणतायत, साब के जमाई आए. त्याला ताज्या गुळाचा खडा देतायत. आणि मी रस्त्याच्या कडेला, स्कूटीवर, पुढे पालकाची पिशवी. एका मुलाच्या डिग्रीवर मी तेव्हा नावाच्या जागी सांवेर लिहिलं होतं. बरं झालं, वेळेवर दिसलं.

घ्यावी असं सकाळी वाटायचं. दुपारी मिस्त्रीचं बोलणं आठवायचं आणि नको वाटायचं. एका संध्याकाळी साडूनं फॅमिली ग्रुपवर गुडघाभर गव्हात उभा असलेला जुना फोटो टाकला, मागे मोटरसायकल, खाली लिहिलं, 'यादें'. रात्रीच्या जेवणापर्यंत माझं पक्कं झालं होतं. पण पुन्हा तेच: विचारायचं कसं? नको म्हणून आल्यावर थोरला जावई तोंड वर करून हवी म्हणायला जातो का? मी ठरवलं, रविवारी जायचं, दूधवाल्याला पळवायचं, आणि गिऱ्हाईक गेलं की सासरे आपोआप घरात बघतील. घरात म्हणजे उजवीकडे.

रविवारी सकाळी पोचलो तर दारात पांढरी कार.

"अरे, तुम्ही?" साडू म्हणाला.

"आईंना भेटायला आलो. तुम्ही?"

"मीपण आईंनाच."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मग आत या की, मी इथे आहे." दोघंही गेलो नाही. गाडीपाशी उभे राहिलो.

दूधवाला आला. त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंना रिकामे कॅन, त्यांचा आवाज कोपऱ्यावरूनच आला. भरघोस मिशीचा, शांत माणूस. सासऱ्यांच्या पाया पडला. सासूबाईंनी सगळ्यांना पोहे दिले. सासरे खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले. विकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, ही त्यांची जुनी पद्धत.

दूधवाल्यानं टाकीवर थाप मारली. मी घसा साफ केला.

"गाडी चांगली आहे," मी म्हटलं, "पण धुआँ भोत देती हे."

"और तेल पीती हे," साडू म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. "चेन गई हे."

"क्लच प्लेट जाने को बेठी हे."

शब्दसुद्धा तेच. दोघांनी एकाच मिस्त्रीचं प्रवचन ऐकलं होतं, आणि ते आता दोघांनाही कळलं. पण थांबतो कोण? मी म्हटलं, कधीकधी किक उलटी मारते, एका माणसाचा गुडघा वॉर्ड बदलून बसला. साडू म्हणाला, पावसात बंद पडते. मी म्हटलं, उन्हातही पडते. तो म्हणाला, ब्रेक लावला की विचार करून थांबते. मी म्हटलं, थांबते तरी कुठे. सासऱ्यांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं होतं. बराच वेळ त्याचं पान उलटलं नव्हतं.

दूधवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, पोह्यांचा शेवटचा घास खाल्ला, शेव टिपली.

"साब," तो वर्तमानपत्राला म्हणाला, "आपके दोनों जमाई इत्ती बुराई कर रे हें, मतलब माल पक्का हे. बुराई बाहर का करे तो आदमी सोचे बी. घर के दो-दो करें तो फिर सोचना क्या? दो, चाबी दो."

आणि त्यानं हात पुढे केला. सासऱ्यांचा हात खिशाकडे गेला. किल्ली बाहेर आली. मला साडूचं तोंड उघडताना दिसलं. ते पूर्ण उघडलं नव्हतं, पण उघडत होतं, आणि त्यातून काय निघणार हे मला माहीत होतं.

"बाबा, गाडी मी घेतो," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात झारा कढईत पडल्याचा आवाज आला. आमच्या सात पिढ्यांत कुणा जावयानं सासरवाडीत असं सरळ काही मागितलं नव्हतं.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आत्ताच म्हणालात, धूर काढते."

"काढू दे."

"तेल पिते."

"पाजीन."

"जेवताना मी विचारलं तेव्हा नको म्हणालात."

"जेवताना मी धोंड्यालाही नको म्हणतो, बाबा. किती खातो ते आईंना विचारा."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग, एरवी मला आडनाव लावून हाक मारतात तशी न मारता, त्यांनी नुसतं म्हटलं, "घ्या," आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. गरम होती.

"बाबा, विचार तसा माझाही होता," साडू म्हणाला.

"मग बोलायचं," सासरे म्हणाले. "मी काय मनकवडा आहे?"

दूधवाला समजूतदार निघाला. कोई नी साब, घर की चीज घर में अच्छी, म्हणाला, आणखी एक बशी पोहे खाऊन कॅन वाजवत निघून गेला. आणि मी, काय सांगू, किल्ली मुठीत धरून त्या ओट्यावर उभा होतो आणि मला वाटत होतं की आता खाली तोफा सुटणार. साडूचे केससुद्धा खाली बसले होते. मी तो क्षण जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवला. मग मोठ्या मनानं, गाडीची सीट रुमालानं पुसत म्हटलं, "बाबा, पुढच्या रविवारी सांवेरला आपण दोघं. तुम्ही मागे आरामात बसा, मी हळू चालवीन."

"डॉक्टरांनी दुचाकी बंद केलीय ना," सासरे म्हणाले. "बंद म्हणजे पुढेही बंद आणि मागेही बंद. कंबर काय, पुढची आणि मागची वेगळी असते?"

हे मी धोंडे खाताना ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं. डोकं तेव्हा उजवीकडे-डावीकडे करत होतं.

आणि साडू, ज्याला मी नुकताच भुईसपाट केला होता, तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "पण बाबा, सांवेर बंद करायचं काही कारण नाही. मी दर रविवारी कार घेऊन येतो. एसीत बसा. आईपण येतील, मागची सीट मोकळीच असते."

"मी?" सासूबाई दारात आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सांवेरची फक्त कणसं पाहिली होती. "मला काय, मी येईन."

"हे छान झालं," सासरे म्हणाले, आणि हसले. साडूकडे बघून.

तर आता रविवार असा असतो. पुढे पांढरी कार. तिच्यात पुढे सासरे, शेजारी साडू, मागे सासूबाई आणि माझी बायको, कारण जागा आहे तर कशाला सोडा असं ती म्हणते. आणि मागे मी, मोटरसायकलवर, एकटा. कारच्या मागच्या काचेतून मला चार डोकी दिसतात. ती हलतात, म्हणजे हसतायत. काय बोलतायत ते ऐकू येत नाही, कारण माझ्या खाली चंद्र गाठत आलेलं इंजिन आहे. मी हॉर्न वाजवतो. साडू काचेतून हात बाहेर काढून मला पुढे जा असा इशारा करतो, ट्रकला करतात तसा. मी पुढे गेलो की माझा धूर त्यांच्यावर जातो आणि बायकोचा फोन येतो की मागे व्हा.

इंजिनाचा बोर करून घेतला, चेन घातली, क्लच प्लेट घातली. मिस्त्री आता मला भियाऐवजी भियाजी म्हणतो. किती पैसे घातले ते बायकोला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही, ती वाचेल.

सांवेरच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे आम्ही थांबतो. मी आधी ठरवलं होतं की तिथे तरी सासऱ्यांच्या शेजारी बसायचं. चहा त्यांच्या हातात आपण द्यायचा. पण कारचं दार उघडतं, सासरे कंबर धरून सावकाश उतरतात, आणि सरळ माझ्या दिशेनं येतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी अर्धा उठलो होतो. ते माझ्याजवळून पुढे गेले आणि त्यांनी टाकीवर हात ठेवला.

"काय गं," ते गाडीला म्हणाले, "नीट आहेस ना?"

टपरीवरचे दोन-चार शेतकरी उठून आले. साब की गाड़ी, म्हणाले. एकानं हेडलाइट बोटानं पुसला. एकानं आपल्या नातवाला सांगितलं की तुझ्या बापाच्या लग्नात बियाण्याचं पोतं याच गाडीवर आलं होतं, सोबत वरमाईसुद्धा. सासऱ्यांनी मान हलवली, नाकारलं नाही. मग त्यांनी मला सांगितलं, सुरू करा. मी केली. ते डोळे मिटून ऐकत राहिले, मान जरा तिरकी, जशी माणसं गाण्याच्या बैठकीत करतात. मी काही म्हणायला गेलो तर बोट वर करून त्यांनी मला गप्प केलं.

साडू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, हातात सासऱ्यांची पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी.

"भिया," तो हळूच म्हणाला, "इतके रविवार मी त्यांच्या मागे बसलो ना, ते माझ्याशी काहीच बोलायचे नाहीत. सगळा वेळ हिच्याशी बोलायचे. मला वाटायचं, कार घेऊन आलो तर तरी बोलतील."

"कारमध्ये बोलतात की. मी बघतो ना मागून, सगळे हसत असता."

"ते आई बोलतात. बाबा आरशात बघत असतात, तुम्ही किती मागे आहात ते."

"माझ्याकडे बघतात?" मी म्हटलं.

साडूनं माझ्याकडे पाहिलं, मग मोटरसायकलकडे, आणि चहाचा घोट घेतला.

चहा गार होतो, शेतकरी आपापल्या कामाला लागतात, तरी सासरे टाकीवरचा हात काढत नाहीत. मी किल्ली बोटात फिरवत उभा असतो. गाडी आता रीतसर माझ्या नावावर आहे, कागद घरी कपाटात आहेत, हे तिथे कुणालातरी सांगावंसं फार वाटतं. पण सगळे तिच्याकडेच बघत असतात.